क्रॅगसाइडच्या फुलदाण्या

बल्ब कोणी शोधला म्हटलं की आपण सगळे एडिसन सांगून मोकळे होतो, पण जोसेफ स्वान हा इंग्रज केमिस्ट त्याच सुमारास, १८७९ साली, न्यूकॅसलला कार्बनच्या तंतूचा दिवा पेटवून दाखवत होता, आणि त्याच्या दिव्यांनी उजळलेलं एक घर आजही उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडमध्ये उभं आहे, क्रॅगसाइड.

मालक विल्यम आर्मस्ट्राँग, हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या) क्रेन आणि तोफांवर गबर झालेला इंजिनियर. १८६३ मध्ये खडकाळ उतारावर सुट्टीपुरतं छोटं घर बांधायला घेतलं, पुढे १८६९ पासून नॉर्मन शॉ या आर्किटेक्टने त्याला उंच धुराडी, लाकडी चौकटींचे त्रिकोणी माथे, गॅलऱ्या असं वर्षानुवर्षं जोडत नेलं. लिफ्ट पाण्याच्या दाबावर, मांस भाजायची सळईसुद्धा पाण्यावर फिरायची! १८७८ मध्ये तळ्याचं पाणी टर्बाइनवर (पाण्याने फिरणाऱ्या चाकावर) सोडून डायनॅमो म्हणजे वीज तयार करणारं यंत्र फिरवलं आणि गॅलरीत आर्क लॅम्प, म्हणजे दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीचा दिवा लागला, मग १८८० मध्ये स्वानचे दिवे आले.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. लायब्ररीतले चार दिवे तांब्यावर मीनाकारी केलेल्या फुलदाण्यांवर बसवले होते आणि त्यांना बटणच नव्हतं. सर्किटमध्ये विजेला जायची एक आणि परत यायची एक अशा दोन वाटा लागतात, तर यायची वाट म्हणजे फुलदाणीचं तांब्याचं अंगच, ते खालच्या धातूच्या बैठकीला टेकायचं. जायची वाट म्हणजे आतून आलेली इन्सुलेटेड (वीज बाहेर जाऊ न देणारं वेष्टण असलेली) तार, तिचं उघडं टोक बुडातल्या भोकातून बाहेर, आणि बैठकीच्या मधोमध, बैठकीपासून इन्सुलेट केलेली पाऱ्याची वाटी. फुलदाणी ठेवली की टोक पाऱ्यात बुडून दिवा लागतो, उचलली की विझतो. पारा द्रवरूप धातू, म्हणून टोक थोडं इकडेतिकडे झालं तरी संपर्क पक्का. (पाऱ्याची वाफ विषारी असते, घरी करू नका.)

आणि हो, लोहचुंबक लावून फुकट वीज देणारे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्यावर कृपया विश्वास ठेवू नका. क्रॅगसाइडची वीजसुद्धा शून्यातून नाही, तळ्याचं पाणी खाली येण्यातून मिळायची. एक लिटर पाणी दहा मीटर खाली आलं तर जास्तीत जास्त ९८ ज्यूल मिळतात, घर्षणात त्यातलेही काही जातात, आणि ते पाणी वर नेलेलं असतं सूर्याने, वाफ करून.

१९७७ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे) आहे. २०१४ मध्ये तिथे तळ्याच्या पाण्यावर फिरणारा एक मोठा आर्किमिडीज स्क्रू, म्हणजे पाणी वरून खाली वाहताना फिरणारा मळसूत्रासारखा दांडा बसवला, आता घरातले दिवे त्याच्या विजेवर लागतात.