855 वॅट आणि टायरची घरघर

परवा एक कार रिव्ह्यूचा व्हिडिओ बघत होतो. गाडी पोर्श 911, उभी केलेली, इंजिन बंद, काचा वर, आणि आतमध्ये भाऊ डोळे मिटून बर्मेस्टरची म्युझिक सिस्टीम ऐकतोय. मग म्हणाला की याच गाडीत बोसची सिस्टीम मिळते ती 570 वॅटची आणि ही वरची 855 वॅटची, म्हणजे सरळ दीडपट भारी, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून घेण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ते पुढे येईलच, पण "दीडपट" ऐकून मात्र डोकं फिरलं, कारण वॅट दीडपट झाले म्हणून आवाज दीडपट होत नाही हे शाळेत डेसिबल शिकलेल्या कोणालाही कळायला हवं.

गणित छोटंसं आहे. कान पॉवरला लॉगरिदमने प्रतिसाद देतो. पॉवर दुप्पट केली की 3 डेसिबल वाढतात आणि आपल्याला "आवाज दुप्पट मोठा झाला" असं वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. आता 855 भागिले 570 म्हणजे दीड, आणि दीडपट पॉवरचे होतात जेमतेम 1.8 डेसिबल. लक्ष देऊन ऐकलं तर कळेल न कळेल एवढा फरक. त्यातही एक वॅट दिला की बरेचसे स्पीकर एक मीटरवर 88-90 डेसिबलपर्यंत आवाज काढतात, म्हणजे रोजच्या ऐकण्यात ही सिस्टीम दोन-चार वॅटवर चाललेली असते आणि बाकीचे साडेआठशे ब्रोशरमध्ये बसून असतात. अगदी निरुपयोगी नसतात, ढोलाचा एखादा दणका आला किंवा बेस वाढवावा लागला की क्षणभर कामाला येतात, पण दीडपट भारी वगैरे काही नाही.

पण हा वॅटचा घोळ तसा फुटकळ आहे. खरी गोष्ट अशी की व्हिडिओतली गाडी उभी होती आणि स्पोर्ट्स कार कोणी उभी करून ठेवायला घेत नाही (घेतात म्हणा काही जण, ते सोडा).

गाडी चालायला लागली की काय काय होतं बघा. रुंद, टणक टायर, कडक सस्पेन्शन, वजन कमी करायला पातळ केलेल्या काचा आणि आवाज शोषणारं अस्तर कमी. रस्त्याचा खडबडीतपणा बॉडीतून सरळ आत येतो. टायरच्या आतली हवासुद्धा स्वतःचा सूर लावते, त्या गोल पोकळीचा घेर साधारण पावणेदोन-दोन मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागाकार केला की 200 हर्ट्झच्या आसपासची घूं येते, खराब रस्त्यावर ती नीट ऐकू येते. इंजिनचं म्हणाल तर सहा सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीन स्फोट करतं, 3000 आरपीएमला सेकंदाला 150 स्फोट म्हणजे 150 हर्ट्झ, आणि 911 मध्ये हे सगळं पाठीमागेच चाललेलं. वाऱ्याचं तर विचारूच नका, आरसे आणि खिडकीच्या कडांवरून जाणाऱ्या हवेच्या आवाजाची पॉवर ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घातात वाढते, 60 चे 120 केले की 64 पट, म्हणजे 18 डेसिबल. पोर्शने 2016 साली 911 आर काढली तेव्हा वजन वाचवायला एसी आणि ऑडिओ सिस्टीम दोन्ही काढून टाकलं होतं, आणि फेरारी एफ40 मध्ये तर रेडिओ कधी नव्हताच. गाडी बनवणाऱ्या इंजिनियरांना त्यांचं मत विचारलं तर ते असं दिसतं!

आता कोणी म्हणेल गोंगाट आहे ना, मग आवाज वाढवा. इथे कानाच्या आतलं एक प्रकरण आडवं येतं आणि ते मला इतकं आवडतं की त्यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढचे काही परिच्छेद गाळा.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, कॉक्लिया. ती उलगडली तर आत साधारण 35 मिलिमीटर लांबीचा एक पडदा आहे, बेसिलर मेम्ब्रेन. सुरुवातीला हा पडदा अरुंद आणि ताठ, शेवटाकडे रुंद आणि ढिला. आवाज आला की या पडद्यावर एक लाट उठते आणि सुरुवातीकडून शेवटाकडे धावते. ताठ भागात उंच सूर जोरात थरथरतात, ढिल्या भागात खालचे, म्हणजे झांजेचा चकचकाट दारातच उतरतो आणि बेसचा घुमकारा पार टोकाला. जॉर्ज फॉन बेकेशी हा माणूस बुडापेस्टला टेलिफोन खात्यात नोकरीला होता, मृत माणसांच्या कानांतली ही लाट त्याने लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि 1961 साली नोबेल घेतलं.

आता गंमत बघा. लाट नेहमी दारातूनच आत शिरते. उंच सुराची लाट दाराजवळच उसळते आणि तिथेच विझते, पुढे जातच नाही. खालच्या सुराची लाट मात्र शेवटच्या स्टॉपच्या बससारखी, तिला टोकाला जायचंय पण वाटेतले सगळे स्टॉप तिला ओलांडावेच लागतात, आणि ती ओलांडताना तिथल्या लोकांना धक्के देत जाते. म्हणून घरघर, घूं, घर्र असले खालचे आवाज वरच्या सुरांना दाबतात पण वरचे सूर खालच्यांना फारसं काही करू शकत नाहीत. हे एकतर्फी दाबणं 1924 सालीच वेगेल आणि लेन या दोघांनी मोजून ठेवलंय, तेही अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले. कानाचं निम्मं शास्त्र फोनवाल्यांच्या पैशावर उभं आहे.

आणि अजून एक पायरी आहे. पडद्यावर केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, आतल्या ओळीत साडेतीन हजार आणि बाहेरच्या तीन ओळींत बाराएक हजार. बाहेरच्या पेशी नुसतं ऐकत नाहीत, आवाजाबरोबर स्वतः लांब-आखूड होऊन पडद्याला ढकलतात, म्हणजे कानात एक जिवंत अॅम्प्लिफायर बसवलेला आहे (हे 1985 च्या सुमाराचं ज्ञान, तसं ताजंच). हा अॅम्प्लिफायर हळू आवाजाला भरपूर वाढवतो आणि मोठ्याला कमी, त्यामुळे एखाद्या सुराच्या स्वतःच्या जागी आवाज 10 डेसिबल वाढवला तर मधल्या पट्ट्यात पडद्याची हालचाल दोन-तीन डेसिबलनेच वाढते. पण ही सवलत आणि ही कात्री फक्त ज्याच्या त्याच्या जागी. दुसऱ्याच्या जागेवरून नुसत्या जाणाऱ्या खालच्या लाटेला कात्री लागत नाही, ती 10 वाढली की तिथली हालचाल पुरती 10 डेसिबलनेच वाढते. म्हणजे रस्त्याची घरघर 10 डेसिबलने वाढली तर त्यातून व्हायोलिनची वरची तार पुन्हा वर काढायला व्हायोलिन 10 ने नाही, त्याहून बरंच जास्त वाढवावं लागतं, कारण व्हायोलिनला कात्री आहे आणि घरघरीला नाही. वाचून डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की गोंगाट जितका जाडाभरडा आणि मोठा तितकी ही लढाई विषम होत जाते, आणि स्पोर्ट्स कारचा गोंगाट नेमका तसाच असतो.

मग व्हॉल्यूम वाढवत नेलं तर? कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली नायॉश ही संस्था जी मर्यादा सांगते ती 85 डेसिबलला आठ तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 94 ला एक तास. हायवेवर आतमध्ये 70 डेसिबलचा गोंगाट धरला तर गोंगाटाच्या वर आणि कानाच्या सुरक्षित मर्यादेच्या खाली तुमच्या हातात राहतात वीस-पंचवीस डेसिबल. साध्या सीडीच्या 16 बिटमध्येच सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजामध्ये 96 डेसिबलची जागा असते. त्यामुळे चालत्या गाडीत 24 बिट हाय-रेझ (सीडीहून बारीक रेकॉर्डिंग) ऐकतो असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यावं आणि विषय बदलावा.

मग महागडी सिस्टीम म्हणजे सगळी लूट का? नाही. तिच्यात एक गोष्ट खरोखर कामाची असते आणि ती दिसत नाही, ती म्हणजे डीएसपी, आवाजावर आकडेमोड करणारी चिप. ड्रायव्हर गाडीच्या एका बाजूला बसतो, जवळचा स्पीकर मीटरभर लांब आणि पलीकडचा त्याहून 40 सेंटीमीटर पुढे, म्हणजे तिकडचा आवाज 1.2 मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा उशिरानेही मेंदू आवाज जवळच्याच बाजूला आहे असं ठरवून टाकतो आणि गायक डॅशबोर्डच्या मध्यावर उभा राहायच्या ऐवजी दारात जाऊन चिकटतो. डीएसपी जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवते की गायक मधे येतो (शेजारी बसलेल्याचं मात्र अजून बिघडतं, एका वेळी एकाच सीटचं भलं होतं). शिवाय केबिन छोटी म्हणून 100-200 हर्ट्झच्या पट्ट्यात काही सूर एका जागी फुगतात, दुसऱ्या जागी गायब होतात, तेही बरंचसं सपाट करता येतं. आणि माइकने आतला गोंगाट मोजून जो पट्टा दबतोय तेवढाच वर उचलणं, जे बोसची ऑडिओपायलट करते, ते तर थेट वरच्या बेकेशीच्या लाटेवरचं औषध आहे. पूर्ण उतारा नाही, पण औषध. एकदम खालच्या सिस्टीममध्ये यातलं थोडंच मिळतं, मधल्या पायरीवर बहुतेक सगळं येतं, आणि मधल्यावरून सगळ्यात वरच्यावर गेलात तर चांगले ट्विटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर), मोठा सबवूफर (बेसचा स्पीकर) आणि स्पीकरवर स्टीलची जाळी मिळते. म्हणून माझं मत, खालून मधे जरूर जा, मधून वर जायचं तर आवाजासाठी जातोय असं स्वतःला सांगू नका.

जाळीवरच्या नावांचीही एक गंमत आहे. हार्मन नावाची कंपनी, 2017 पासून सॅमसंगच्या मालकीची. लेक्ससमधली मार्क लेव्हिन्सन तिची, हार्मन कार्डन तिची, जेबीएल तिची, बँग अँड ओलुफसनचा गाड्यांचा धंदा 2015 मध्ये तिनेच घेतला, बॉवर्स अँड विल्किन्सच्या गाड्यांमधल्या सिस्टीमही तीच बनवत आलीये. बीएमडब्ल्यूत कित्येक वर्षं मधला पर्याय हार्मन कार्डन आणि वरचा बॉवर्स असायचा, गिऱ्हाईक दोघांची तुलना करत बसायचं आणि बिल एकाच घरी जायचं. याच हार्मनमध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून लोकांना मार्क द्यायला लावले होते. दिसत असताना मोठ्या आणि देखण्या स्पीकरना भरभरून मार्क, पडदा ओढला की ते मार्क खाली. बरं हे ऐकणारे रस्त्यावरचे कोणी नव्हते, कंपनीचीच माणसं होती.

याच्या पुढची पायरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले फ्यूज, "योग्य दिशेने" जोडायची केबल आणि अमुक तास वाजवल्यावर वायर "खुलते" वगैरे. स्पीकरचा विरोध साधारण 4 ओहम, गाडीतल्या काही मीटर जाड तांब्याच्या तारेचा एका ओहमच्या दहाव्या भागाहून कमी, आणि आवाजाचा करंट तर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला कुठली आलीये योग्य दिशा. ही सरळसरळ अंधश्रद्धा आहे, इंजिनियरिंग शिकलेले लोक पाळतात एवढंच.

इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारचं थोडं वेगळं, तिथे इंजिनचे 150 हर्ट्झ नाहीत, शहरातल्या वेगाला चांगली सिस्टीम खरंच ऐकू येते. हायवेला मात्र टायर आणि वारा तेच. आणि टप काढून चालवणाऱ्यांनी वरचा पर्याय घेऊच नये, ते पैसे वाऱ्यावरच जाणार.

घ्यायचीच असेल तर शोरूममधल्या डेमोवर जाऊ नका, तो उभ्या गाडीत असतो, गाणं त्यांनी निवडलेलं असतं आणि आवाज हमखास मोठा ठेवलेला असतो, कारण एखादा डेसिबल मोठा असला तरी कान त्याला "मोठा" न म्हणता "चांगला" म्हणतो. टेस्ट ड्राइव्हला स्वतः चालवू नका, शेजारी बसा. रोजच्या ऐकण्यातलं एखादं गाणं घ्या ज्यात मागे बारीक झांज किंवा गिटारची तार आहे, उभ्या गाडीत लावा, मग व्हॉल्यूमला हात न लावता 100 च्या वेगाला परत ऐका आणि ती तार सापडते का बघा. मधल्या आणि वरच्या दोन्ही सिस्टीमच्या गाड्या मिळाल्या तर आधी फोनवरच्या मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. बेसच्या गाण्याला दाराच्या पॅनलवर तळहात दाबून धरा, बझ्झ करणारा आवाज थांबला तर तो स्पीकरचा दोष नाही, प्लास्टिकच्या क्लिपांचा आहे, आणि तो कुठल्याही सिस्टीमने जात नाही, फोमच्या पट्टीने जातो. टायर बदलायची वेळ आली की आतून फोम चिकटवलेले टायर मिळतात ते मागा, 200 हर्ट्झची ती घूं त्यांनी बरीच खाली येते, आणि नंतर तेच गाणं परत लावून बघा.