रॉक गायकाच्या निधनानंतर चाहत्यांचा शोक (पुणे)

लाडक्या रॉक गायकाच्या मृत्यूनंतर चाहत्यांनी एकत्र येऊन पाळलेला दुखवटा. मेणबत्त्या, फुले, भिंतीवर लिहिलेले निरोप, ठरल्या वेळी पाळलेली शांतता, त्याची गाणी गाणे आणि पुढे दरवर्षी तो दिवस पाळणे हे सारे यात येते. ही रीत मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घडली. पुण्यात ती इंग्रजी रॉक ऐकणाऱ्या पिढ्यांबरोबर आली, पण जशीच्या तशी आली नाही. मृतदेह, अंत्ययात्रा, घरची माणसे, ज्याच्यापुढे फूल ठेवावे असे दार, यांतले काहीच इथे हाताशी नसते. म्हणून पुण्यातला हा शोक जवळजवळ पूर्णपणे गाण्यातून चालतो. आणि गेलेल्या गायकाची आठवण गाऊन जागवण्याची सवय या शहराला रॉक यायच्या आधीपासून होती.

या शोकाची पहिली अडचण घरातच सुरू होते. सकाळी डोळे सुजलेले पाहून आई विचारते, ‘तो तुझा कोण लागतो?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. मराठी घरात दुःखाचे हक्क नात्याने ठरतात. भाऊबंदांचे सुतक, सोयऱ्यांकडे भेटायला जाणे, दहावा, तेरावा अशी सगळी वाट आखलेली असते. ज्याच्याशी सोयरसुतक नाही त्याच्यासाठी रडणे म्हणजे पोरकटपणा, असा सर्वसाधारण समज. समाजशास्त्रात या दोन्ही बाजूंचा विचार झालेला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली रेडिओ-टेलिव्हिजनवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकाच्या जुळणाऱ्या एकतर्फी जवळिकीची मांडणी केली. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाची संकल्पना मांडली; ज्याच्यासाठी रजा मिळत नाही, भेटायला कोणी येत नाही आणि जो उघड करायची सोय नसते, असा शोक. पुण्यातल्या वसतिगृहात कानाला हेडफोन लावून बसलेला मुलगा या दोन्ही व्याख्यांत चपखल बसतो. त्यात भर कपड्यांची. आपल्याकडे दुखवट्याचा रंग पांढरा आणि काळा संक्रांतीचा. मेटल, म्हणजे जड आवाजाचे रॉक, ऐकणारा मात्र बारा महिने काळ्या टी-शर्टात. त्यामुळे त्याने दुखवट्यासाठी काळे घातले तरी घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

सार्वजनिक शोकाचे साचे बाहेर तयार झाले. एल्व्हिस प्रेस्ली १६ ऑगस्ट १९७७ रोजी गेला. मेम्फिसमधल्या त्याच्या घरी दरवर्षी १५ ऑगस्टच्या संध्याकाळी चाहते मेणबत्त्या घेऊन जमतात. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत ‘द डोअर्स’ बँडचा गायक जिम मॉरिसनच्या (मृत्यू ३ जुलै १९७१) कबरीभोवती चाहत्यांनी इतके लिहून ठेवले की शेजारच्या कबरीही सुटल्या नाहीत. तिथला त्याचा अर्धपुतळा १९८८ साली चोरीला गेला तो २०२५ मध्ये सापडला. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर १० एप्रिल १९९४ रोजी सिअ‍ॅटलमध्ये सुमारे ७,००० लोक जमले आणि त्यांना त्याच्या पत्नीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यात आला. घराशेजारच्या छोट्या बागेतले लाकडी बाक हेच पुढे त्याचे स्मारक झाले. ऑझी ऑस्बोर्नची अंत्ययात्रा ३० जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरून निघाली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचे नाव दिलेल्या पुलावर फुलांचा खच पडला होता. त्याआधी जेमतेम साडेतीन आठवडे, ५ जुलैला, याच शहरात त्याने सिंहासनावर बसून निरोपाचा कार्यक्रम केला होता. आपली शोकसभा जिवंतपणी पाहून गेलेला हा विरळा गायक.

दूरच्या चाहत्यासाठी यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग बीटल्सच्या जॉन लेननचा. ८ डिसेंबर १९८० च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला तेव्हा भारतात ९ तारखेची सकाळ होती. सार्वजनिक अंत्यविधी झाला नाही. त्याची पत्नी योको ओनो यांनी त्याऐवजी १४ डिसेंबरला दहा मिनिटे शांतता पाळण्याचे आवाहन केले. जो जिथे असेल तिथे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, पुण्याच्या घड्याळात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. जागेची अट काढून टाकणारा हा दुखवटा. त्यात सामील होण्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याची गरज नव्हती, जागे राहणे पुरेसे होते.

पुण्याच्या चाहत्याला एकच मोठा रॉक गायक भूगोलाने जवळचा आहे, तो म्हणजे क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. मूळ नाव फारुख बलसारा, कुटुंब पारशी. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले. पियानो तो तिथे शिकला आणि १९५८ च्या सुमारास शाळकरी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथेच काढला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स असल्याचे त्याने जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. अंत्यविधी झरथुष्ट्री धर्मगुरूंच्या प्रार्थनांसह झाला, मात्र दहन लंडनच्या दाहगृहात. अस्थी कुठे ठेवल्या हे उघड केले गेले नाही. त्यामुळे चाहत्यांना कबर नाही. केन्सिंग्टनमधल्या त्याच्या घराची भिंत अनेक वर्षे निरोपांनी भरलेली होती, आणि १९९६ पासून स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या सरोवरकाठी त्याचा पुतळा आहे.

पुण्याहून हे सगळे दूर. पाचगणी मात्र शंभरेक किलोमीटरवर. सातारा रस्त्याने खंबाटकी घाट, सुरूर फाट्यावरून वाई, मग पसरणीचा घाट. या वाटेने बाइकवर जाणाऱ्यांत टेबललँड आणि स्ट्रॉबेरीसाठी निघालेले असंख्य असतात, त्यांत अधूनमधून एखादा शाळेचे फाटक पाहायला आलेला. शाळा ही शाळा आहे, पर्यटनस्थळ नव्हे. फाटकापाशी फोटो काढून परतावे लागते. २०१८ साली त्याच्या आयुष्यावर चित्रपट आल्यानंतर अशा फेऱ्यांना नवे निमित्त मिळाले, आणि ज्यांच्या जन्माआधीच तो गेला होता अशी मुले त्याच्यासाठी हळहळू लागली. मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षांनी सुरू होणारा शोक ही रॉकमधली नेहमीची गोष्ट आहे. गाणे ज्याला आज पहिल्यांदा सापडते त्याच्यासाठी गायकही आजच गेलेला असतो.

बातमी पोचण्याची वाट पिढीगणिक बदलली. १९९१ साली रात्री रेडिओवर बीबीसी ऐकणारा आणि कॅम्पात इंग्रजी मासिके चाळणारा चाहता संख्येने थोडा होता. त्याचे दुःख रेकॉर्ड केलेल्या कॅसेटींच्या देवघेवीइतक्या वर्तुळात राहिले. केबलवर एमटीव्ही आले आणि कोबेनचा चेहरा ओळखणारे घरोघरी झाले. २०१७ मध्ये लिंकिन पार्कचा चेस्टर बेनिंग्टन गेला (२० जुलै) तेव्हा बातमी पुण्यात रात्री फोनवर आली, आणि पहाटेपर्यंत स्टेटस काळे झाले. ही पिढी मोठी होती. अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत, प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांच्या दोन वर्षांत, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजी गाण्याचे शब्द पहिल्यांदा पाठ केले ते अनेकदा याच बँडचे. त्यामुळे त्या रात्रीच्या शोकात स्वतःच्या सतराव्या वर्षाचा हिशेबही मिसळलेला होता. ‘गेला यार’ यापलीकडे फारसे कोणी काही लिहिले नाही, आणि तेवढे पुरले.

यानंतरचा विधी म्हणजे ट्रिब्यूट, गेलेल्या गायकाची गाणी गाऊन त्याला वाहिलेली आदरांजली. पुण्यात तो दोन ठिकाणी होतो. एक अनौपचारिक: वेताळ टेकडी, झेड ब्रिजचा कठडा, वसतिगृहाची गच्ची, महाविद्यालयाबाहेरची चहाची टपरी, एक गिटार, फोनवर उघडलेले शब्द, आणि ज्याला वरचा सूर लागत नाही तोच सर्वांत मोठ्याने गाणारा. दुसरा औपचारिक: कोरेगाव पार्क आणि आसपासच्या, थेट संगीत चालणाऱ्या जागांमधला ठरवून केलेला कार्यक्रम. या भागाला त्याची सवय आहे. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव डिसेंबर २०१० मध्ये पहिल्यांदा भरला तोही कोरेगाव पार्कातच. ट्रिब्यूटसाठी वेगवेगळ्या बँडांतले वादक काही दिवसांपुरते एकत्र येतात, तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये तालीम करतात आणि सेटलिस्टवरून, म्हणजे गाण्यांच्या यादीवरून, भांडतात. भाषणे नसतात. कोणी बोलायला लागलेच तर मागून गाण्याचे नाव ओरडले जाते. पुणेकर शोकसभेत अध्यक्ष, प्रस्तावना, चार आठवणी आणि दोन मिनिटांची शांतता असा जो क्रम अनेक पिढ्या पाळत आला, त्याला ही एवढीच सभा अपवाद असावी.

तरीही तिचे नाते याच शहराच्या जुन्या रीतीशी आहे. पुण्यातला सर्वांत मोठा संगीत महोत्सव मुळात पुण्यतिथीच आहे. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक भरवली. तिचा पुढे मांडव झाला, रात्र रात्र चालणारी गर्दी झाली. २४ जानेवारी २०११ रोजी स्वतः भीमसेन गेले, वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, आणि त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ होणारा वसंतोत्सव हा त्याच परंपरेतला. गायक गेला की गाणे ठेवायचे, हे पुणेकराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. रॉकच्या चाहत्याने हे सवाईच्या मांडवातून उचलले असे म्हणणे फार ताणलेले होईल; पण ट्रिब्यूटला निघालेल्या मुलाला वडिलांनी ‘कोणाची पुण्यतिथी आहे?’ असे विचारले तर ते थट्टेत विचारलेले असूनही नेमके असते.

दोन्हींत फरक आहे तो गाण्याच्या पद्धतीत. सवाईच्या स्वरमंचावर कोणी गुरूची हुबेहूब नक्कल करत नाही. शिष्य आपला राग आपल्या अंगाने मांडतो. गुरू त्याच्या तालमीत असतो, आणि श्रोत्याला तो ऐकू येतो. ट्रिब्यूटमध्ये अपेक्षा उलट. सोलो मुद्रणात जसा आहे तसाच हवा, किंकाळी त्याच जागी हवी. यावरून पुण्यातल्या वादकांत दोन तट आहेत, आणि ‘कव्हर’ की ‘कॉपी’ हा वाद चहा संपेपर्यंत चालतो. नक्कल जितकी चांगली तितकी मूळ आवाजाची उणीव जास्त जाणवते, हे मात्र दोन्ही तटांना मान्य असते. लिंकिन पार्कने २७ ऑक्टोबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये यावर एका गाण्यापुरता तोडगा काढला. माइकच्या स्टँडवर फुले ठेवली, बँडने वाजवले आणि गायले फक्त श्रोत्यांनी. पुण्यातल्या छोट्या कार्यक्रमांतही शेवटच्या गाण्याला माइक श्रोत्यांकडे वळवतात, त्याला असाच अर्थ असतो. कधी गायकाचा घसा बसलेला असतो हेही खरे.

गायकाने आत्महत्या केलेली असेल तेव्हा या शोकाला वेगळी काळजी लागते. कोबेन आणि बेनिंग्टन ही दोन्ही उदाहरणे तशी आहेत. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या भडक बातम्यांनंतर अनुकरण वाढू शकते, हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवले. मात्र कोबेननंतर सिअ‍ॅटलमध्ये आत्महत्या वाढल्याचे आढळले नाही. वाढले ते मदतवाहिनीला येणारे फोन. तिथल्या सभेत आणि बातम्यांत मदतीचा मार्ग स्पष्टपणे सांगितला गेला, याला अभ्यासकांनी महत्त्व दिले आहे. भारतात अशा वेळी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असते, आणि ट्रिब्यूटच्या पोस्टरवर हा क्रमांक छापायला काहीच हरकत नसावी. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्यांचा ‘क्लब’ (जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉपलिन, मॉरिसन, कोबेन, एमी वाइनहाउस) ही चाहत्यांची आवडती दंतकथा. ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला अशा संगीतकारांच्या मृत्यूंचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या वयाला मृत्यूचे प्रमाण काही वेगळे उंचावलेले दिसले नाही. दंतकथा तरी टिकून आहे, कारण तिच्यामुळे अकाली मरणाला एक देखणा अर्थ मिळतो. नेमक्या याच कारणाने ती सांभाळून सांगावी.

शोक संपतो की नाही याची परीक्षा बँडला नवा गायक आला की होते. एसी/डीसीचा बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी गेला आणि पाच महिन्यांत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात नवा अल्बम आला. मुखपृष्ठ दुखवट्याचे, पूर्ण काळे, सुरुवात घंटेच्या टोलांनी. तो जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एक ठरला. क्वीनने आधी पॉल रॉजर्स आणि पुढे अ‍ॅडम लॅम्बर्ट यांच्याबरोबर दौरे केले, पण फ्रेडीची जागा भरली असे कधी म्हटले नाही. निर्वाणाने कोबेननंतर दुकानच बंद केले. लिंकिन पार्क सप्टेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेसह परतला तेव्हा सात वर्षे उलटली होती, आणि चाहत्यांत फूट पडली. गादीवर कोण बसले, घराण्याचा आवाज राखला का, हा वाद पुण्याला नवा नाही. जुन्या चाहत्यांचे म्हणणे, नाव बदलायला हवे होते. धाकट्यांचे म्हणणे, आम्हाला निदान प्रत्यक्ष ऐकता तरी येईल. शहरातल्या काही ट्रिब्यूट बँडांनी तोवर बेनिंग्टनची गाणी मुलींच्या आवाजात केव्हाच गायला घेतली होती.