नाना, चप्पल पालथी करा

"मना गुडघा भलता दुखस," नाना म्हणाले. यावलकडच्या केळीच्या बागांमधून ट्रकपर्यंत घड वाहण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. मी गुडघ्याला हात लावायच्या आधी चप्पल मागितली. त्यांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय.

दोन्ही टाचांची बाहेरची कड झिजलेली होती. त्यात विशेष काही नाही, चालताना बहुतेकांची टाच त्याच कडेने आधी टेकते. उजव्या चपलेत मात्र अंगठ्यामागचं रबर पार कागद झालं होतं. दुखत होता तोही उजवाच गुडघा.

पाऊल टेकलं की जरा आत कलतं, कमान दबते आणि धक्का जिरतो. पण घोट्याखालचा सांधा तिरका असल्याने पावलाबरोबर नडगीही आत वळते, तिच्यामागून मांडीचं हाड. कलणं फार झालं, तर अंगठ्यामागचं रबर असं झिजतं आणि ओढ गुडघ्यावर येऊ शकते. 'येतेच' म्हणत नाही. सपाट पावलांची कितीतरी माणसं जन्मभर विनातक्रार चालतात, आणि लहान मुलांची पावलं तर सपाटच असतात. सपाट पाऊल म्हणजे रोग नव्हे.

दबलेली कमान पुन्हा उभी कशी राहते? उभ्या उभ्या पायाचा अंगठा हाताने वर उचलून बघा, कमान आपोआप चढते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. अंगठा वर वळला की रहाटाला दोर गुंडाळावा तसा तो ताणला जातो, २६ हाडांचं सैल पाऊल ताठ होतं आणि जमीन मागे रेटता येते. पावलाचा अभ्यास करणाऱ्या हिक्स यांनी १९५४ साली ही रहाटाची उपमा दिली. सकाळी पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते ती बहुधा या पट्ट्याची. एरवी दुचाकीशिवाय न हलणारा माणूस चैत्रात एकदम सप्तशृंग गडाला पायी निघाला, की ही कळ घेऊन परततो.

नानांना मग उजव्या पायावर उभं केलं. कंबर डावीकडे खाली गेली. म्हणजे उजव्या खुब्याचे स्नायू कमी पडत होते. मांडी आत झुकायची आणि कमान वरूनच दाबली जायची. चप्पल खरं बोलत होती, पण अर्धंच.

"मंग पाय चांगला शे ना?" नानांनी विचारलं, आणि चप्पल पुन्हा घातली.