सफरचंद आणि सुक्यामेव्याच्या ओलसर केकची पार्श्वभूमी

सफरचंदाचा शिजवलेला गर, बेदाणे, अक्रोड, दालचिनी आणि खाण्याचा सोडा घालून घरी भाजला जाणारा ओलसर केक गेल्या काही वर्षांत मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. त्याची कृती देताना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात: त्याला अंडी लागत नाहीत आणि तेल-लोणीही जवळजवळ लागत नाही. यांपैकी पहिली गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आणि अनुभवाने पारखलेली आहे. दुसरी बरीच अलीकडची असून, केक गिच्च होतो, चिवट होतो, मधोमध बसतो, अशा ज्या तक्रारी या केकबद्दल ऐकू येतात त्यांचे मूळ बहुतांशी तिच्यात आहे. ही दोन वैशिष्ट्ये एकाच कृतीत कशी आली हे समजून घेण्यासाठी मुख्यतः अमेरिकेतील आणि काही अंशी ब्रिटनमधील घरगुती स्वयंपाकाचा मागोवा घ्यावा लागतो.

सफरचंदाचे मूळ मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजीत, आजच्या कझाकस्तानच्या परिसरात आहे, आणि युरोपात सफरचंदे घालून भाजलेले गोड पदार्थ शेकडो वर्षे होत आले आहेत. त्या जुन्या पदार्थांत फळाच्या कच्च्या फोडी पिठावर मांडल्या जात किंवा त्यात मिसळल्या जात. फोडीच्या आसपासचा भाग ओला राही आणि उरलेला केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडे. संपूर्ण केक एकसारखा ओलसर राहण्यासाठी फळ पिठात विरघळावे लागते, आणि इतके ओले, जड मिश्रण फुगवायचे तर यीस्ट किंवा फेटलेली अंडी पुरी पडत नाहीत. त्यामुळे या केकचा खरा इतिहास फळापासून सुरू न होता क्षारापासून सुरू होतो.

१७९६ मध्ये हार्टफर्ड येथे छापलेल्या पहिल्या अमेरिकी पाकपुस्तकात पीठ फुगवण्यासाठी पर्ल ॲश वापरलेली दिसते. लाकडाच्या राखेतून काढलेला आणि शुद्ध केलेला हा क्षार म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. सांगली-तासगावच्या वाचकांना तो वेगळ्या कामासाठी परिचित असेल, कारण द्राक्षे शेडमध्ये वाळत घालण्यापूर्वी ज्या द्रावणात बुडवतात त्यात इथाइल ओलिएट या रसायनाबरोबर हाच क्षार असतो. तो सालीवरचा मेणाचा थर सैल करून आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट देतो. पर्ल ॲशची चव मात्र साबणासारखी रेंगाळत असे. १८४३ मध्ये बर्मिंगहॅममधील एका औषधविक्रेत्याने, पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसल्यामुळे, बेकिंग पावडर तयार केली. अमेरिकेत १८४६ पासून खाण्याचा सोडा व्यापारी प्रमाणावर बनू लागला आणि स्वस्त झाला. सोड्याला फुगण्यासाठी आम्ल लागते. ते ताकातून मिळे, उसाच्या रसापासून बनणाऱ्या आणि काकवीशी जवळीक असलेल्या मोलॅसिसमधून मिळे, आणि सफरचंदातल्या मॅलिक आम्लातूनही मिळे. सफरचंदाचा गर ओलावा, गोडवा आणि आम्ल अशा तिन्ही गोष्टी एकदम देतो, म्हणून सोडा स्वयंपाकघरात आल्यावर तो केकच्या मिश्रणात पोचणे स्वाभाविकच होते.

मधल्या काळात वाळवलेल्या सफरचंदांनी एक वेगळीच भूमिका बजावली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अंतर्भागातील वस्त्यांवर मनुका आणि पाकवलेली लिंबूवर्गीय साल महाग होती, पण प्रत्येक घराच्या माळ्यावर सफरचंदाच्या वाळलेल्या चकत्या असत. त्या रात्रभर भिजवून, बारीक चिरून मोलॅसिसमध्ये मंद आचेवर शिजवल्या की काळसर, चिवट-गोड तुकडे तयार होत आणि ते फ्रूट केकमध्ये मनुकांऐवजी घातले जात. आपल्याकडे कच्च्या पपईची टूटीफ्रूटी ज्या गरजेतून आली तिच्याशी याचे जवळचे नाते आहे. पूर्व अमेरिकेतील ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात पोळीसारखे पातळ थर भाजून, त्यांच्यामध्ये वाळलेल्या सफरचंदांचा मसालेदार लगदा भरून, तो रचलेला केक दोन-तीन दिवस झाकून ठेवत. थर मूळचे कोरडे असत आणि लगद्यातले पाणी पिऊन मऊ होत. सफरचंद आणि सुकामेवा हे तेव्हा एकमेकांचे सोबती नव्हते. एक नसेल तेव्हा दुसरे त्याची जागा घेई.

दोन्ही एकत्र आले ते कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांमुळे. थॉम्सन सीडलेस या बिनबियांच्या जातीची लागवड तेथे १८७० च्या दशकात सुरू झाली आणि पुढच्या काळात फ्रेस्नोच्या परिसरात बेदाण्यांचे उत्पादन इतके वाढले की १९१२ मध्ये बागायतदारांना विक्रीसाठी मोठी संस्था उभारावी लागली. बिया काढत बसण्याचे काम संपले, भाव उतरले, आणि बेदाणे सणासुदीच्या केकमधून रोजच्या केकमध्ये आले. तासगावची ‘तास-ए-गणेश’ ही जात याच थॉम्सन सीडलेसमधून निवडलेली आहे, तेव्हा आज सांगलीचे बेदाणे घालून हा केक भाजणारे घर त्या जुन्या कृतीपासून फार दूर गेलेले नाही. सफरचंदाचा गर, बेदाणे, लवंग, दालचिनी आणि सोडा यांचा केक पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकी पाककृतींमध्ये सापडतो. तो युद्धात जन्मला असे वारंवार लिहिले जाते, ते बरोबर नाही. युद्धाने त्याचा प्रसार केला आणि त्यातून अंडी काढून टाकली, इतके मात्र खरे.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्नबचतीसाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली. मित्रराष्ट्रांना गहू, साखर आणि चरबी पाठवायची असल्यामुळे घरोघरी गव्हाविना दिवस पाळण्याचे आवाहन झाले, आणि १९१८ च्या सुरुवातीला गव्हाचे पीठ घेताना तितक्याच वजनाचे मका, ओट किंवा बार्लीचे पीठ घेण्याचा नियम आला. या काळात दूध, अंडी आणि लोणी या तिन्हींशिवायचा केक प्रचारात आला. बेदाणे, साखर, मसाले, थोडी डुकराची चरबी किंवा वनस्पतिजन्य चरबी आणि पाणी एकत्र उकळून, ते निववून, त्यात पीठ व सोडा मिसळायचा, अशी त्याची पद्धत होती. सफरचंदाचा गर घातलेला केकही याच रांगेत आला, कारण गरामुळे साखर कमी लागे आणि अंड्याविनाही केक धरून राही. असे होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. अंड्यातील प्रथिने घट्ट होऊन केकला जो आधार देतात, तो येथे शिजलेला स्टार्च आणि गरातले पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) मिळून बऱ्याच अंशी देतात, आणि फुगवण्याचे काम सोडा करतो. केक फार उंच नसेल, भांडे उथळ असेल, तर अंड्याची उणीव जाणवत नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच की त्या टंचाईतही चरबी पूर्णपणे काढलेली नव्हती. ‘बिनलोण्याचा’ म्हणून सांगितलेल्या केकमध्येही दुसरी कोणती तरी चरबी होतीच.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये परिस्थिती अधिक कठीण होती. साखरेचे रेशनिंग जानेवारी १९४० मध्ये सुरू झाले ते सप्टेंबर १९५३ पर्यंत चालले, ताजे अंडे साधारणपणे माणशी आठवड्याला एक मिळे, आणि सुकामेवा गुणांच्या (पॉइंट्सच्या) कुपनांवर घ्यावा लागे. बागेत किंवा कुंपणाला लागलेली सफरचंदे मात्र कुपनाविना मिळत, म्हणून केकमध्ये त्यांचे प्रमाण वाढले. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल येथे १८०९ मध्ये रुजलेल्या बीपासून आलेले ब्रॅमली हे सफरचंद अतिशय आंबट असून शिजल्यावर त्याचा फेसाळ गर होतो, त्यामुळे ते या कामाला उत्तम ठरले.

युद्धानंतर पातळ वनस्पती तेल स्वस्त झाले आणि या केकच्या ओलसरपणात सर्वांत मोठी सुधारणा त्यामुळे झाली. फिलाडेल्फियाच्या परिसरातील ज्यू घरांत मांसाहारी जेवणानंतर दुग्धजन्य पदार्थ चालत नसल्यामुळे लोण्याऐवजी तेल आणि दुधाऐवजी संत्र्याचा रस घालून सफरचंदाचा केक करण्याची रीत होती. लोण्यात सुमारे ८० टक्के चरबी असते आणि निवल्यावर ती घट्ट होते. तेल साध्या तापमानाला पातळच राहते, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जिभेला मऊ लागतो. पन्नास-साठच्या दशकांत तेल, सफरचंद आणि सुकामेवा हे त्रिकूट अमेरिकी घरांत पक्के झाले.

यानंतर आला तो निर्णय, ज्याने या केकची घडी विस्कटली. १९७७ मध्ये अमेरिकी सेनेटच्या एका समितीने, आहारातील एकूण ऊर्जेपैकी चरबीचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत खाली आणावा, असे उद्दिष्ट सुचवले. हृदयविकाराच्या वाढत्या प्रमाणाची चिंता त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. परंतु घरी केक भाजताना या सल्ल्याचा अर्थ असा लावला गेला की कृतीतले तेल काढावे आणि तेवढाच सफरचंदाचा गर घालावा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हा बदल इतका सार्वत्रिक झाला की अनेकांना तोच या केकचा मूळ प्रकार वाटू लागला. ज्याने अंड्याची आणि साखरेची उणीव यशस्वीपणे भरून काढली होती, त्या गराकडे आता चरबीचेही काम सोपवले गेले.

येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण आजच्या बहुतेक कृती या टप्प्यावरच चुकतात. सफरचंदाच्या गरात सुमारे ८५ टक्के पाणी असते. चरबी पिठातल्या प्रथिनांभोवती पातळ आवरण घालते आणि ग्लुटेनच्या, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांच्या, लांब तारा तयार होऊ देत नाही. पाणी नेमके उलट करते, ते त्या तारांना बळ देते. म्हणून तेलाच्या जागी संपूर्ण गर घातलेला केक भाजल्याबरोबर ओला वाटतो, पण चावताना रबरासारखा लागतो, आणि झाकून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याचा वरचा भाग चिकट होतो. हा दोष झाकण्यासाठी साखर वाढवली जाते, कारण साखरही ग्लुटेनला आवर घालते आणि ओलावा धरून ठेवते. अशा रीतीने आरोग्यासाठी केलेल्या बदलातून अधिक गोड केक हाती येतो. गराच्या बाजूने एक गोष्ट निश्चित सांगता येते: त्यातील पेक्टिन पाणी बांधून ठेवते, त्यामुळे अर्धे तेल ठेवून अर्ध्याच्या जागी गर घातला तर पोत बिघडत नाही. संपूर्ण बदलाचे समर्थन मात्र चवीच्या अंगाने करता येत नाही. पुढे २०१५ मध्ये अमेरिकी आहारविषयक तज्ज्ञ समितीच्या अहवालातही एकूण चरबीवरील मर्यादेचा आग्रह उरला नाही आणि चरबी कोणत्या प्रकारची आहे यावर भर आला. तोपर्यंत बिनतेलाची कृती असंख्य पुस्तकांतून आणि पाकिटांवरून पसरलेली होती, आणि ती आजही तशीच उतरवून घेतली जाते.

सुक्यामेव्याबद्दलचा सल्लाही याच गोंधळात सापडला. बेदाण्यांत जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे कोरड्या बेदाण्यांनी साध्या केकमधला ओलावा ओढून घेऊ नये म्हणून ते आधी भिजवतात. गोव्यातील आणि मुंबई-पुण्याच्या ख्रिस्ती घरांतील नाताळच्या केकसाठी सुकामेवा रममध्ये मुरवतात, त्यामागे चव आणि टिकाऊपणाबरोबर हेही कारण आहे. गर घातलेल्या केकमध्ये पाणी मुळातच जास्त असते. तेथे कोरडे बेदाणे, चिरलेले खजूर किंवा अंजीर जादा पाणी शोषून स्वतः फुगतात आणि केक मोकळा होतो. युद्धकाळातल्या कृतीत बेदाणे पाण्यात उकळत, परंतु ते पाणी कृतीतल्या मापाचेच असे. आजच्या कृतींमध्ये भिजवलेले बेदाणे आणि पूर्ण गर ही दोन्ही ओली अंगे एकत्र येतात आणि केक मधोमध बसतो.

महाराष्ट्रात बिनअंड्याच्या केकची स्वतःची वाट होती. शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये मीठ किंवा वाळू पसरून त्यावर भांडे ठेवायचे, किंवा गोल ॲल्युमिनियमच्या विजेच्या ओव्हनमध्ये भाजायचे, ही पद्धत दोन पिढ्यांनी वापरली. अंड्याची जागा डब्यातल्या गोड आटीव दुधाने किंवा दही-सोड्याने घेतली. सफरचंदाचा गर या कामासाठी आला तो अलीकडे, मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांकडून, जेथे बिनसाखरेच्या गराच्या बाटल्या कोणत्याही दुकानात मिळतात. कृती येथे पोचली, पण तिच्यासोबत ते फळ पोचले नाही, आणि याकडे कृती देणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्या बाजारात सर्वाधिक दिसणारी लाल सफरचंदे ही डिलिशस गटातील आहेत. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ही जात शिमल्याजवळच्या कोटगढ येथे १९१६ मध्ये एका अमेरिकी रहिवाशाने लावली आणि तिने हिमाचलच्या डोंगरांचे अर्थकारण बदलले. खाण्यासाठी ती गोड आहे, परंतु तिच्यात आम्ल कमी असते. तिच्या गरात सोडा घातला तर त्याला पुरेसे आम्ल मिळत नाही, केक कमी फुगतो, रंग अतिगडद येतो आणि शेवटी जिभेवर साबणासारखी चव राहते. अशा गरात चमचाभर लिंबाचा रस किंवा थोडे आंबट दही घातल्यास सोड्याला त्याचे आम्ल मिळते. हिमाचलमध्ये आता ग्रॅनी स्मिथसारख्या आंबट जातीही लावल्या जातात आणि मोठ्या शहरांच्या बाजारांत ही हिरवी सफरचंदे मिळतात. ती वापरल्यास लिंबाची गरज उरत नाही, मात्र साखर थोडी वाढवावी लागते.