वरच्या खोलीचा उकाडा थर्मोस्टॅटला का कळत नाही?

30 मे 2024, ऐन नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस दाखवलं आणि देशभर बातमी झाली. शहरातली इतर काही केंद्रं त्या दिवशी 44 च्या आसपास होती. सेन्सरमध्ये बिघाड असल्याचा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. आपल्या घरातल्या एसीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारा भाग, असाच एका सेन्सरवर विसंबून असतो. तो बिघडलेला नसतो, पण बहुतेक वेळा भलत्या जागी असतो.

स्प्लिट एसीत हा सेन्सर आतल्या युनिटमध्येच, हवा आत ओढली जाते तिथे बसवलेला असतो. म्हणजे जमिनीपासून सात-आठ फूट वर. तिथली हवा गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो. पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या पलंगावर काय चाललंय, हे त्याला समजायला मार्ग नाही. थंड देशांत हाच प्रश्न उलटा असतो. पॅसेजमधला थर्मोस्टॅट ऊब पुरेशी झाली म्हणून भट्टी बंद करतो आणि कोपऱ्यातली खोली गारठलेलीच राहते. स्मार्ट थर्मोस्टॅट तिथे खोल्याखोल्यांत छोटे सेन्सर ठेवून रात्री फक्त झोपायच्या खोलीचं ऐकतो. झोपणाऱ्यांची सोय होते, पण मग हॉल जास्त तापतो, कारण भट्टी एकच आहे. ऊब खरोखर वाटून द्यायची तर प्रत्येक खोलीच्या वाटेवर वेगळी झडप लागते.

नागपुरात मात्र स्मार्ट यंत्र घेण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. उघडा काँक्रीटचा स्लॅब त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी निम्म्याहून जास्त शोषतो. ती उष्णता चार-पाच इंच खाली उतरायला काही तास लागतात. त्यामुळे ऊन कलल्यावर छत आतून तापू लागतं आणि रात्री उशिरापर्यंत तापलेलंच असतं. हे तापलेलं छत अवरक्त किरणांनी थेट आपल्या अंगावर उष्णता टाकतं. थर्मोस्टॅट मोजतो ती फक्त हवा. हवा 26 अंश आणि छत-भिंतींची सरासरी 36 असेल, तर संथ हवेत शरीराला साधारण 31 अंशांच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. मग आपण रिमोटवर 18 लावतो. एसीची ताकद त्याने वाढत नाही, तो फक्त जास्त वेळ चालतो. सेटिंग एका अंशाने वाढवलं तर साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. खाली आणलं की तेवढाच भुर्दंड.

म्हणून आधी गच्चीला चुना. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो. धूळ बसली की हा गुण कमी होतो, तेव्हा दरवर्षी उन्हाळा लागायच्या आत नवा हात मारावा.

त्यानंतर सेन्सर. काही एसींच्या रिमोटमध्येच तो असतो आणि ती सोय चालू केली की यंत्र रिमोटजवळची हवा मोजतं. रिमोट पलंगाच्या उंचीवर, टीव्हीपासून आणि गार झोतापासून लांब ठेवावा. वेळापत्रक लावता येत असेल, तर ते स्लॅबच्या चालीने लावावं: संध्याकाळी थोडं लवकर सुरू, पहाटे दोन अंश वर.

नेमका दोष शोधायला दोन साधे तापमापक पुरतात. एक हॉलमध्ये, एक वरच्या खोलीत. दुपारी चार, रात्री नऊ आणि पहाटे पाचला आकडे लिहून ठेवा. फरक रात्री नऊला वाढला, तर बहुधा स्लॅबचा दोष. दिवसभर सारखाच राहिला, तर आधी फिल्टर धुवा आणि एसीचा झोत पडद्यात किंवा कपाटावर अडतोय का ते बघा.