फाआफाफिने

प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशातील एक पारंपरिक लिंगओळख. मुलगा म्हणून जन्मलेली, पण बाईच्या रीतीने वावरणारी व्यक्ती म्हणजे फाआफाफिने. सामोअन भाषेत ‘फाआ’ म्हणजे ‘च्या रीतीने’ आणि ‘फाफिने’ म्हणजे बाई. मुलगी म्हणून जन्मून पुरुषासारखे राहणारे ते फाआतामा. ‘गे’ किंवा ‘ट्रान्सजेंडर’ हे शब्द इथे नेमके बसत नाहीत. अनेक फाआफाफिने ते स्वतःला लावूनही घेत नाहीत. टोंगात लेइती, कुक बेटांवर आकावाइने, ताहिती व हवाईत माहू ही याच गोतातली नावे.

आपल्याकडच्या हिजड्यांशी तुलना सहज सुचते, पण ती फार दूर जात नाही. हिजडा समाजात गुरू-चेल्यांची घराणी असतात आणि जन्मघर बहुधा सुटलेले असते. फाआफाफिने सहसा घरातच राहते : म्हाताऱ्या आईवडिलांचे करते, भावंडांची पोरे सांभाळते, रविवारी चर्चमध्ये गाते. कुटुंबाच्या अशा सेवेला ‘तौतुआ’ म्हणतात आणि माणसाची पत तिच्यावर ठरते. त्यामुळे मान मिळतो तो राबणाऱ्या लेकराला. त्याच्या जोडीदाराला मिळेलच असे नाही.

कायद्यात हीच फट दिसते. १९६१ च्या, म्हणजे न्यूझीलंडच्या अमलातल्या फौजदारी अध्यादेशाने पुरुषाने स्त्री म्हणून वावरणे गुन्हा ठरवले होते. २०१३ च्या नव्या कायद्याने ते कलम गाळले, पण पुरुषांमधील संमतीच्या संबंधांना पाच वर्षांपर्यंतची कैद तशीच ठेवली. त्याच वर्षीच्या कामगार कायद्याने मात्र लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. तेव्हाचे पंतप्रधान तुइलाएपा सैलेले हे २००६ मध्ये स्थापन झालेल्या सामोआ फाआफाफिने असोसिएशनचे आश्रयदाते, आणि समलिंगी विवाहाचे कट्टर विरोधकही.

शेजारीही एकवाक्यता नाही. कुक बेटांनी २०२३ मध्ये असे संबंध गुन्ह्यातून वगळले. टोंगात दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. न्यूझीलंडमध्ये आणि फ्रेंच कायद्यामुळे ताहितीतही २०१३ पासून समलिंगी विवाह होतात. जेमतेम पन्नास माणसांच्या पिटकेर्न या ब्रिटिश बेटानेही २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली, लग्नाला उभे राहणारे जोडपे नसताना!

नोव्हेंबर २०११ मध्ये सामोआची राजधानी आपिया येथे जायाह साएलुआ ही फाआफाफिने शेजारच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या अमेरिकन सामोआच्या पुरुष फुटबॉल संघातून बचावफळीत उतरली. विश्वचषक पात्रता सामना खेळलेली पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू म्हणून जगाने तिची दखल घेतली. टोंगाला त्यांनी २–१ ने हरवले. दहा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाकडून ३१–० असा मार खाल्लेल्या या संघाचा पात्रता फेरीतला हा पहिला विजय.