हयातीत दिलेलं बक्षीस नंतरच्या वाटणीत धरतात का?

आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक, सोलापूर

बक्षीसपत्र करायला येणारे बरेच जण मनात एक हिशेब घेऊन येतात : थोरल्याला फ्लॅट दिला, म्हणजे त्याचा वाटा पोचला. उरलेलं बाकीच्यांचं. हिंदू वारसा कायदा, 1956 असं म्हणत नाही.

समजा, वडिलांनी स्वकमाईतला होटगी रोडचा 40 लाखांचा फ्लॅट थोरल्याच्या नावे केला. मागे उरलं पूर्व भागातलं घर आणि अक्कलकोट रोडवरचा यंत्रमागाचा शेड, मिळून 60 लाखांचं. वडील मृत्युपत्र न करता गेले. वारस चार : आई, दोन मुलगे, एक मुलगी. 60 लाखांचे सारखे चार भाग, प्रत्येकी 15 लाख. थोरल्यालाही 15, फ्लॅट वेगळाच. वडिलांच्या मनात बाकी तिघांना 20-20 द्यायचे होते, पण मनातलं कोर्टात चालत नाही.

ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही कलम 49 हेच सांगतं. गोव्यात मात्र हयातीत दिलेलं परत हिशेबात घेतात. तिकडच्या पाहुण्यांचा सल्ला इथं लावू नका. मुस्लीम पक्षकारांच्या हिब्याचे, म्हणजे मुस्लीम कायद्यातल्या बक्षिसाचे, नियम वेगळे, त्यासाठी प्रत्यक्ष भेटा.

मग बक्षीसपत्रातच ‘वाट्यापोटी दिलं’ असं लिहिलं तर? तेवढ्यानं भागत नाही. ‘पुढे हक्क सांगणार नाही’ असं मुलाकडून स्टँपवर लिहून घेण्याचीही पद्धत आहे. वडील हयात असताना त्यांच्या स्वकमाईत मुलाचा हक्कच नसतो. नसलेला हक्क सोडणार कसा? तीच गत मुलीच्या लग्नातल्या सोन्याची. ‘तिचं लग्नात दिलं’ म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

उपाय एकच, मृत्युपत्र. बक्षीसपत्राच्या सोबतच ते करावं, असा आमचा आग्रह असतो. कुणाला काय दिलं आणि म्हणून उरलेल्यातलं कुणाला किती, हे त्यात स्पष्ट लिहावं. साक्षीदार दोन हवेत, शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा.

वरचं सगळं स्वकमाईचं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला अविभक्त हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मानं सहहिस्सेदार आहे. अशी बक्षीसपत्रं पुढे कोर्टात अडकतात. मिळकत कुठल्या प्रकारची, हे आधी पाहू.

खर्चाचं थोडक्यात. राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाच्या पत्नीला दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. बाकीचे आकार वेगळे. शेड आणि दुकानगाळा या सवलतीत बसत नाहीत. शुल्क कमी म्हणून घाईनं दस्त करू नका. एकदा दिलेलं मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. आईवडिलांना सांभाळण्याची अट दस्तात लिहून घ्या. ती मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली दस्त रद्द करून मागता येतो. ही अट घालायला पालक लाजतात. लाजू नका.

येताना खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि आधी केलेले दस्त आणा. पहिल्या भेटीला शक्यतो नवरा-बायको दोघंच या. मुलं शेजारी बसली की खरं बोलणं होत नाही.